काळं असू द्या, पण चेहऱ्याजवळ रंग येऊ द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत कपड्यांबद्दल जे काही छापून येतं ते मी अगदी नेमाने वाचते. पन्नाशीच्या पुढच्या बायकांसाठी म्हणून जे लिहिलेलं असतं त्यात मला कायम दोनच सूर दिसतात. एक म्हणजे "वयाला शोभतील असे" रंग, आणि ते रंग कुठले तर विटलेला बदामी, मळकट राखाडी, फिका मोतिया, बस. दुसरा सूर बरोब्बर उलटा, की ते काळंबिळं सगळं कपाटातून काढून टाका आणि बिनधास्त भडक घालायला लागा, वय म्हणजे नुसता आकडा वगैरे वगैरे. आता जिचं कपाट उघडलं की काळंच काळं दिसतं, काळी पँट काळा कुर्ता काळं जॅकेट काळा स्वेटर, आणि ते सगळं तिने विचार करून, पैसे घालून, वर्षानुवर्षं जमवलेलं आहे, तिला या दोन्ही सल्ल्यांचा काडीचा उपयोग नाही. अशा बायका खूप आहेत हो. मी त्यातलीच, आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या तरी तशाच. म्हणून हे जरा लांबलचक पत्र लिहितेय, जमेल तेवढं छापा ही विनंती.

आधी काळ्याची बाजू घेते, कारण ती कुणी घेत नाही. काळं घालणाऱ्या बाईला रंगाची समज नाही किंवा ती आळशी आहे असं कृपया समजू नका. काळं कशावरही जातं, डाग चटकन दिसत नाही, दिवसा ऑफिसला चालतं आणि तेच संध्याकाळी कार्यक्रमाला चालतं, सकाळी घाईच्या वेळी डोकं चालवावं लागत नाही. १९२६ साली कोको शनेल या फ्रेंच फॅशन डिझायनरचा साधा काळा ड्रेस अमेरिकेच्या व्होग मासिकात आला तेव्हा त्याला थेट फोर्ड गाडीची उपमा दिली होती, म्हणजे सगळं जग वापरेल असा कपडा. आणि झालंही तसंच. साधेपणा, नीटनेटकेपणा, थोडा रुबाब, हे सगळं काळ्यात आहे आणि ते कुणी आमच्याकडून काढून घेऊ नये.

पण काळ्याचं दुसरंही एक कारण असतं आणि ते बायका मोठ्याने बोलत नाहीत. पाळी जायच्या सुमाराला शरीर बदलतं, पोट सुटतं, दंड जाड होतात, ज्या कपड्यात दहा वर्षांपूर्वी छान वाटायचं त्यात आता अवघडल्यासारखं होतं, मग बाई हळूहळू एकेक रंग बाजूला ठेवत जाते. लाल नको, फार नजरेत येतं. पिवळं नको, जाड दिसेन. राणी कलर तर नकोच, लोक म्हणतील काय हे या वयात. आणि शेवटी उरतं ते काळं. म्हणजे पस्तिशीत जे काळं ऐटीत घातलं जायचं तेच पंचावन्नला लपायला घातलं जातं, कपडा तोच पण आतली बाई आक्रसलेली. हे मी कितीतरी जणींत पाहिलंय आणि मला ते बघवत नाही, खरंच सांगते. एवढी कर्तबगार बाई, घर ऑफिस सगळं सांभाळलेली, आणि फोटो काढायचा म्हटलं की मागच्या रांगेत काळा स्टोल गळ्याशी घट्ट ओढून उभी.

तर मला जे सांगायचंय ते एवढंच की काळं टाकायची अजिबात गरज नाही, फक्त ते चेहऱ्यापासून थोडं लांब न्यायचं आणि ती जागा रंगाला द्यायची. आणि तो रंग फिका नको, सुरुवातीला गडदच घ्यायचा. का ते सांगते.

वय वाढतं तसं केसांना रंग देणाऱ्या पेशी कमी होत जातात, हे सगळ्यांना माहितीय. पण चेहऱ्याचंही तेच होतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. भुवया विरळ आणि फिक्या होतात, ओठांचा रंग उतरतो, म्हणजे चेहऱ्यातला जो कॉन्ट्रास्ट असतो, डोळे ओठ भुवया विरुद्ध बाकीची त्वचा, तो कमी होतो. तरुणपणी काळेभोर केस वर आणि काळा कपडा खाली, मधला चेहरा दोन्हीकडून तोलला जायचा. आता वरचं काळं गेलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर कितीतरी जणींनी केस रंगवणं सोडलं आणि पुन्हा सुरूच केलं नाही (फार छान केलं असं माझं मत). पण कपाट मात्र जुन्या केसांच्या हिशोबाचंच राहिलं.

त्यात काळा कपडा उजेड जवळजवळ सगळा शोषून घेतो, परत काहीच देत नाही. फोटोग्राफर लोक काय करतात बघा, चेहरा उजळ हवा असेल तर हनुवटीच्या खाली पांढरा बोर्ड धरतात, खालून उजेड वर फेकायला. आणि सावल्या गडद करायच्या असल्या तर मुद्दाम काळं कापड धरतात. म्हणजे गळ्यापर्यंत बंद काळा टॉप घातला की आपण स्वतःच्या हाताने ते काळं कापड हनुवटीखाली धरून दिवसभर फिरत असतो. विशीतल्या मुलीला त्याने फरक पडत नाही, सावली पडायला तिच्या चेहऱ्यावर खड्डेच नसतात. आपल्याला पडतो.

हे पटत नसेल तर करून बघा. दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइट बंद करून, खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं, मेकअप नको, केस मागे बांधायचे. आरसा समोर. आधी काळा टॉप हनुवटीखाली धरायचा आणि कपड्याकडे बघायचंच नाही, फक्त नाकाच्या बाजूने तोंडाच्या कोपऱ्याकडे उतरणारी रेघ आणि डोळ्याखालचा भाग बघायचा. मग हात न हलवता त्याच जागी दुसऱ्या कुणाला तरी वाइन कलरचा टॉप धरायला सांगायचा. माझ्या मैत्रिणीबरोबर मी हे केलं, तिची त्वचा गव्हाळ आहे आणि केस आता बहुतेक पांढरे. काळ्यात तिच्या डोळ्याखाली जांभळट अर्धगोल दिसत होते, म्हणजे झोप झाली नाहीये असं वाटावं इतके. वाइन कलर आला आणि ते अर्धगोल गेले नाहीत, पण नजर तिकडे जाईना, ओठांना रंग आला, डोळ्याचा पांढरा भाग स्वच्छ दिसायला लागला. मग मोरपिशी धरला, तो त्याहून छान. मग बदामी धरला, तोच तो "वयाला शोभणारा", आणि चेहरा कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होतं तेच कळेना. ती आरशात बघत नुसती म्हणाली, अगं हा बदामी तर काळ्यापेक्षा वाईट. तेच तर म्हणतेय मी! तिला तो बदामी कुर्ता घरच्यांनी भेट दिला होता, वयाला शोभेल म्हणून.

रंग शेजारच्या रंगाला बदलतो ही काही मनाची समजूत नाही. पॅरिसला गोबलँ नावाचा भिंतीवरचे गालिचे विणायचा जुना सरकारी कारखाना आहे, तिथे १८२४ साली शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचे प्रमुख झाले. तिथल्या लोकांची तक्रार होती की निळ्या आणि जांभळ्याच्या सावल्या दाखवायला वापरलेला काळा धागा नीट काळा दिसत नाही, त्यात जोर नाही. शेव्हरल यांनी तपासलं तर काळ्या धाग्यात काहीच खोट नव्हती, शेजारचा निळा-जांभळा त्याला मळकट दाखवत होता. त्यावर त्यांनी पुढे बरीच वर्षं अभ्यास केला आणि १८३९ मध्ये तो छापला. गोष्ट काळ्या धाग्याचीच आहे म्हणून मला ती फार आवडते. आपल्या कामाची त्यातली गोष्ट अशी की एखादा रंग आपल्या विरुद्ध रंगाची झाक शेजाऱ्याला देतो. हिरव्याच्या शेजारी त्वचेतला लालसरपणा जास्त दिसतो. म्हणून जिचा चेहरा निस्तेज, पिवळट वाटतो तिला बॉटल ग्रीन किंवा मोरपिशी एकदम तजेला देतो, आणि जिचे गाल नाक आधीच लालसर आहेत किंवा ज्यांना चेहऱ्यावर गरम वाफा येऊन लाली येते त्यांनी तोच हिरवा जरा जपून. हे पुस्तकी वाटेल पण खिडकीशी दोन मिनिटात कळतं.

आता तो नेहमीचा प्रश्न, काळ्यात बारीक दिसतं त्याचं काय. दिसतं थोडं, नाही असं नाही. गडद वस्तू उजळ वस्तूपेक्षा लहान वाटते, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १९व्या शतकातच लिहून ठेवलंय, आणि काळ्यावर चुण्या, वळ्या, सावल्या दिसत नाहीत हे तर आपल्याला माहितीच आहे. पण नीट बघितलं तर हा गुण काळेपणाचा नाही, गडदपणाचा आहे! गडद जांभळा, अंजिरी, नेव्ही ब्लू, बॉटल ग्रीन, मरून, गडद विटकरी, हे सगळे तेच काम करतात. म्हणजे बारीक दिसण्यासाठी म्हणून जे काळं घेतलं जातं त्यातलं निम्मं असंच्या असं गडद रंगात बदलता येतं, काहीही न गमावता. ही एक गोष्ट जर बायकांच्या मनात बसली ना, तर अर्धा प्रश्न सुटला. लोक रंग म्हटलं की लगेच पोपटी आणि लिंबू डोळ्यासमोर आणतात आणि घाबरतात. रंगात तीन गोष्टी असतात, रंग कुठला, तो गडद की उजळ, आणि तो झळझळीत की शांत. काळ्याची सवय असलेल्या बाईने पहिल्यांदा फक्त पहिली गोष्ट बदलावी, बाकी दोन तशाच ठेवाव्यात. गडद आणि शांतच, पण काळा नाही. डोळ्याला सवय झाली, आरशात दचकायला होईनासं झालं, की मग झळाळी वाढवावी. सगळ्यात शेवटी उजळ.

एक आणखी, काळ्याशेजारी काय चांगलं दिसतं हे ठरवताना लोक लाल आणि पांढरा सोडून पुढे जातच नाहीत. काळा-लाल सुंदरच आहे पण तो आवाज करतो, पहिल्याच दिवशी तो घातला तर चारजण चार गोष्टी बोलतील आणि बाई पुन्हा काळ्यात जाईल. काळा आणि पांढराशुभ्र कडक दिसतो, युनिफॉर्मसारखा, त्यापेक्षा मोतिया किंवा दुधी पांढरा मऊ पडतो. माझ्या मते काळ्याचे खरे सोबती म्हणजे मोरपिशी, गडद जांभळा, अंजिरी, शेवाळी आणि मस्टर्ड. मस्टर्ड सगळ्यांच्या चेहऱ्याला जात नाही, न गेल्यास पँट किंवा जॅकेटमध्ये घ्यावा. चॉकलेटी आणि काळा एकत्र चालत नाही असं आपल्याला लहानपणापासून सांगितलंय, ते मला मुळीच पटत नाही, गडद चॉकलेटी स्वेटर आणि काळी पँट यासारखं देखणं काही नाही. नेव्ही ब्लू आणि काळा पण तसंच, फक्त दोन्हीत फरक स्पष्ट कळला पाहिजे, नाहीतर अंधारात कपडे घातल्यासारखं वाटतं.

आणि हा फरक कळण्यात आपल्या वयाला एक खरी अडचण आहे. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि निळा उजेड आत कमी पोचतो, शिवाय बाहुली लहान राहते म्हणून एकूणच उजेड कमी. त्यामुळे नेव्ही ब्लू आणि काळा, गडद जांभळा आणि तपकिरी, हे कपाटाच्या अंधारात सारखेच दिसायला लागतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बायका सांगतात की दुसऱ्या दिवशी निळा रंग असा दिसला की जसा काही नव्यानेच बघितला. तेव्हा कपडे घेताना दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन बघायचा हट्ट धरा, लाजू नका. दुकानातल्या दिव्यांखाली जे दोन काळे अगदी एक वाटतात ते बाहेर उन्हात एक निळसर आणि एक तपकिरी निघतो. याचं कारण असं की कपड्याचा काळा बऱ्याचदा एकच रंग नसतो, निळा नारिंगी वगैरे रंगद्रव्यं मिसळून तो बनवतात, प्रत्येक कंपनीचं मिश्रण वेगळं. म्हणूनच धुवून धुवून एक कुर्ता लालसर होतो आणि दुसरा राखी.

हे विटलेलं काळं हा तर वेगळाच विषय आहे आणि मला वाटतं रंगाची सुरुवात इथूनच करावी. कपाटातलं सगळं काळं एकदा खिडकीत आणून शेजारी शेजारी ठेवा. कॉलरची घडी बघा, बाहीची कड, काखेतला भाग, खिशाचा काठ. जिथे घर्षण झालंय तिथे धागा उघडा पडून पांढुरका झालेला असतो आणि शिवणीच्या आतल्या बाजूला मूळ काळा अजून दिसतो, दोन्ही एकत्र बघितलं की लक्षात येतं कपडा किती उतरलाय ते. रोज बघून बघून आपल्याला तो काळाच वाटत असतो, समोरच्याला मात्र तो जुना राखाडी दिसतो. असे सगळे बाजूला काढा, तेवढीच जागा रंगाला द्या. म्हणजे चांगलं काळं तसंच राहिलं, टाकताना जीव हळहळला नाही, आणि खर्च एकदम अंगावर आला नाही. जे राहिलं ते उलटं करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, उन्हाने काळं लवकर उतरतं.

मग रंग नेमका आणायचा कुठे. पहिल्यांदा सगळ्याजणी पर्स आणि चपलांपासून सुरुवात करतात कारण तिथे भीती वाटत नाही. करा, छानच दिसतं, पण लाल पर्सने चेहऱ्याला काहीही मिळत नाही, ती चेहऱ्यापासून दोन हात लांब असते. रंगाचा खरा फायदा गळा ते कपाळ एवढ्याच पट्ट्यात आहे. स्टोल, स्कार्फ, ओढणी, कॉलर, कानातलं, लिपस्टिक आणि चष्मा. चष्म्याची फ्रेम ही गोष्ट कुणी धरतच नाही! आपल्या वयात बहुतेकींना चष्मा आहे, तो रोज सोळा तास तोंडावर आहे, आणि निवडताना आपण काळी नाहीतर सोनेरी फ्रेम घेऊन मोकळ्या होतो. पांढऱ्या किंवा करड्या केसांना वाइन कलरची, मोरपिशी, गडद जांभळी फ्रेम किती शोभते ते एकदा घालून बघा. एका फ्रेममध्ये कपाटातले सगळे काळे कपडे बदलतात. स्टोल घेताना तो पूर्ण एका रंगाचा असण्यापेक्षा ज्यात थोडा काळा आणि दोन-तीन रंग आहेत असा घेतला तर तो काळ्या टॉपवर तुटक पडत नाही, त्याच कपड्यातून उमलल्यासारखा वाटतो. गळाही महत्त्वाचा. काळाच टॉप पण गळा थोडा खोल असला की मध्ये त्वचेचा पट्टा येतो आणि तोच उजेड देतो, मग काळं तेवढं डाचत नाही. कापडाचंही तसंच, सॅटिन किंवा रेशमासारखं चमक असलेलं काळं थोडा उजेड परत टाकतं, सुती काळा किंवा लोकरीचा मॅट काळा सगळं गिळून बसतो.

त्वचेच्या टोनवरून उन्हाळी-हिवाळी, वार्म-कूल असे गट पाडून कुणी कुठले रंग घालावेत हे सांगणाऱ्या ज्या याद्या फिरतात त्यांच्याबद्दल थोडक्यात, त्यात तथ्य आहे पण त्या डोक्यावर घेऊ नयेत. माणसाचा चेहरा चार खोक्यांत बसत नाही आणि केस पांढरे होत असताना तर दरवर्षी थोडा बदलत असतो. आणि एक गोष्ट मला ठासून सांगायचीय. सावळ्या बायकांना आयुष्यभर सांगितलं जातं की गडद घालू नको, भडक घालू नको, फिकटच घाल. हे ऐकून ऐकून कितीतरी जणी आवडते रंग घालायच्या राहिल्या. सावळ्या, काळ्या त्वचेवर राणी, केशरी, कोबाल्ट निळा, मस्टर्ड हे रंग जसे झळाळतात तसे दुसऱ्या कुठल्या त्वचेवर झळाळत नाहीत, आणि पांढरे केस आल्यावर तर जास्तच. ज्यांनी तो सल्ला दिला त्यांना तेव्हाही काही कळत नव्हतं.

रस्त्यावरच्या सुरक्षेचंही बोलायला हवं कारण आपल्या वयाच्या कितीतरी बायका पहाटे नाहीतर संध्याकाळी चालायला जातात आणि त्याही काळ्यातच, ट्रॅकपँट काळी जॅकेट काळं. गाडीचे दिवे आपल्याला लांबून दिसतात म्हणून आपल्याला वाटतं ड्रायव्हरलाही आपण दिसलो. तसं नसतं. गडद कपड्यातला माणूस ड्रायव्हरला फार उशिरा दिसतो. संधिप्रकाशात उजळ रंग उपयोगी पडतो, पूर्ण अंधारात मात्र रंगही पुरत नाही, उजेड परत फेकणारी रिफ्लेक्टिव्ह पट्टी लागते, आणि ती छातीपेक्षा घोट्याला आणि मनगटाला असली तर जास्त चांगली, हालचालीवरून माणूस आहे हे लगेच कळतं.

इतिहासातली एक गोष्ट मला या विषयात कायम आठवते. इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी, तिचा नवरा अल्बर्ट १८६१ मध्ये गेला आणि त्यानंतर १९०१ मध्ये ती जाईपर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षं, ती काळ्यातच राहिली. पण त्याच काळातल्या तिथल्या बायकांसाठी दुखवट्याच्या कपड्यांतून बाहेर यायची पद्धत ठरलेली होती, आधी पूर्ण काळं, मग त्यात राखाडी यायचा, मग फिका जांभळा, आणि मग बाकीचे रंग. म्हणजे काळ्यातून एकदम लाल नाही, मधल्या पायऱ्या होत्या. मला दुखवट्याची ती बंधनं मुळीच नको आहेत, बायकांवरच लादलेली होती ती सगळी. पण काळ्यातून बाहेर येताना मन पायऱ्यापायऱ्यांनी येतं हे त्या लोकांना कळलेलं होतं. आणि त्याच घराण्यातली पुढची राणी, एलिझाबेथ, तिने वय वाढेल तसे रंग वाढवत नेले. डोक्यापासून खालपर्यंत एकच रंग, जांभळा, पिवळा, राणी, गर्दीतल्या शेवटच्या माणसाला पण आपण दिसावं म्हणून. २०१६ मध्ये नव्वदीच्या सोहळ्यात तिने घातलेला झगझगीत पोपटी कोट जगभर गाजला. तिची वेळ, तिचे पैसे, तिचे शिंपी वेगळे, मान्य आहे. पण दिसण्याची लाज वाटायचं कारण नाही हे तर कुणालाही घेता येतं.

आणि घरच्यांना, ऑफिसमधल्यांना एक विनंती. काळं घालणारी बाई एखाद्या दिवशी रंग घालून आली की "आज काय विशेष?" असं विचारू नका. तुम्ही प्रेमाने विचारता हे कळतं, पण तिला वाटतं आपण फार नजरेत आलो, आणि तो कुर्ता पुन्हा घडी होऊन मागे जातो. छान दिसतेस एवढं म्हणा आणि कामाला लागा. मुलींनीही आईला भेट देताना तिच्या वयाचा रंग शोधू नये, तिला खिडकीशी उभं करावं.

आता संपादक महाशय, तुमच्याकडे मागणं. तुमच्या फॅशनच्या पानावर पन्नाशीच्या पुढच्यांसाठी लेख असतो तेव्हाही फोटो पंचविशीतल्या मॉडेलचा असतो. त्या चेहऱ्यावर कुठलाही रंग चांगलाच दिसणार, त्यावरून आम्हाला काय कळणार! अमेरिकेत आयरिस ॲपफेल नावाच्या बाई होत्या, १९२१ चा जन्म, २०१९ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी एका मोठ्या मॉडेलिंग एजन्सीने त्यांच्याशी करार केला, मोठ्ठा गोल चष्मा, पांढरे केस आणि अंगावर सगळे रंग. २०२४ मध्ये १०२ वर्षांच्या होऊन गेल्या. एवढं टोकाचं नकोच आम्हाला. आम्हाला साठीतली, सत्तरीतली साधी बाई हवी, करडे केस, चष्मा, सावळी, गोरी, जाड, बारीक, सगळ्या प्रकारच्या. तीच बाई आधी पूर्ण काळ्यात आणि मग त्याच काळ्या पँटवर मोरपिशी किंवा अंजिरी टॉपमध्ये, दोन्ही फोटो एकाच उजेडात, चेहरा कॉम्प्युटरवर गुळगुळीत न करता. खाली रंगाचं नाव नीट मराठीत. आणि ते "वयाला शोभतील असे" हे शब्द मथळ्यातून काढून टाका, त्यांनी फार बायकांना गप्प बसवलंय. फोटोसाठी बायका मिळत नसतील तर वाचकांना आवाहन करा, मी आणि माझी ती मैत्रीण दोघी तयार आहोत, तिने तो बदामी कुर्ता आता मोरपिशी रंगवून घेतलाय.

आपली,
एक नियमित वाचक